छपराची भोकं जुळत नाहीत: हार्डटॉप गझीबोचं नेहमीचं दुखणं

खांब उभे राहिले, तुळया बसल्या, कोनवासे वरच्या कळसाच्या कड्यात अडकले. छपराचे पहिले दोन पत्रे निमूटपणे बसतात आणि तिसऱ्याशी गाडी अडते. वरचं भोक जुळवलं की खालचं अर्धा इंच सरकतं, खालचं जुळवलं की वरचं. मग कुणीतरी शिडीवर चढून पत्रा ओढायला लागतं, कुणी नवं भोक पाडायला ड्रिल काढतं, आणि 'पत्रा चुकीचा कापलाय' अशी तक्रार कंपनीकडे जाते.

अमेरिका-कॅनडात मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराचा, ॲल्युमिनियमच्या खांबांचा तयार गझीबो उभारताना हे हमखास होतं. पत्रा बहुतेक वेळा बरोबर असतो, त्याची भोकं मशीनवर एकाच साच्यात पाडलेली असतात. वाकडा असतो तो खालचा सांगाडा. या बांधकामाला भिंती नाहीत. चार पाय आणि वर एक चौकट, एवढंच. त्यामुळे पायाशी झालेली अर्ध्या इंचाची चूक मध्ये कुठे जिरत नाही. ती सरळ वर चढते आणि जिथे सर्वांत जास्त भोकं एकमेकांवर यायला हवीत तिथे, म्हणजे छपरात, उघडी पडते.

मापांबद्दल एक. किटची लांबी-रुंदी फूट-इंचात असते, बोल्ट मिलिमीटरचे. इंचाच्या आठव्या भागासाठी खाली आपल्या सुतार-गवंड्यांचा 'सूत' वापरलाय. ८ सूत म्हणजे १ इंच.

आधी सुटे भाग तपासा

सांगाड्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं इथे द्या, कारण हे कारण खरं निघालं तर बाकीची सगळी मेहनत वाचते. बऱ्याच किटमध्ये डावा आणि उजवा पत्रा, तसंच दोन प्रकारचे वासे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. लांबी तीच, रंग तोच, फक्त भोकांची जागा उलट. स्टिकरवरचं अक्षर न पाहता उचलला की तो बसल्यासारखा दिसतो आणि पुढच्या भागात घोळ होतो.

ओळखायचं कसं? एकाच पत्र्याची सगळी भोकं सारख्याच अंतराने चुकत असतील, किंवा फक्त एकच पत्रा अडत असेल, तर भागांची अदलाबदल झाली आहे. फट पत्र्यागणिक वाढत जात असेल (पहिल्याला एक सूत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार), तर चौकट कलली आहे. आणि समोरासमोरच्या दोन पाखी सहज बसताहेत पण उरलेल्या दोन मुळीच बसत नाहीत, असं असेल तर चौकटीला पीळ आहे. कल आणि पीळ ही दोन वेगळी दुखणी आहेत, उपायही वेगळे. घाईत लोक दोन्हींवर एकच इलाज करतात, तो म्हणजे ताकद लावणं.

कल: दोन्ही कर्ण मोजा, पण वर

काटकोन तपासायला गुण्या इथे कुचकामी आहे. दोन फुटांच्या गुण्यात न दिसणारी चूक बारा फुटांवर अर्धा इंच होते. कर्णच मोजायचे, आणि तेही पायाशी नव्हे, तुळईच्या उंचीवर. पायाशी माप बरोबर असूनही वरची चौकट समांतरभुज होऊ शकते, आणि छप्पर बसतं ते वर.

समजा खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर १० फूट × १२ फूट आहे. कर्ण १५ फूट ७ इंच साडेतीन सूत यायला हवा. प्रत्यक्षात नेमका आकडा तितका महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. या मापाच्या चौकटीत कर्णांत ६ सुतांचा फरक दिसला तर चौकट साधारण ४ सूत, म्हणजे अर्धा इंच, कललेली असते. फरक २ सुतांच्या आत असेल तर पत्रे बसतात. त्याच्या वर गेला की शेवटच्या पत्र्यांशी कुस्ती ठरलेली.

टेप धरायचीही एक रीत आहे. टोकाची आकडी गोल कोपऱ्यावर नीट अडकत नाही, म्हणून एकाने १ फुटाची खूण बोल्टच्या मध्यावर धरावी, दुसऱ्याने टेप ताणून समोरच्या बोल्टचा मध्य वाचावा आणि शेवटी एक फूट वजा करावा. दोन्ही कर्णांना त्याच जागा, तोच ताण.

आता दुरुस्ती. लावलेले पत्रे उतरवा, निदान त्यांचे स्क्रू सैल करा. सांगाड्याचे सगळे बोल्ट हातानं फिरतील इतके ढिले करा, काढू नका. पाय जमिनीला आवळलेले असतील तर किमान तीन खांबांचे नट मोकळे करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग वर कितीही ओढलं तरी चौकट सोडल्या क्षणी परत जाते, कारण तिला खाली बांधून ठेवलंय.

त्यानंतर जो कर्ण लांब आहे त्याच्या दोन टोकांना, खांब आणि तुळई मिळतात तिथे, जुनं फडकं गुंडाळून त्यावरून रॅचेटचा पट्टा घाला. पावडर कोटिंगवर पट्टा थेट घातला तर रंग खरवडला जातो. पट्टा एकेक दात आवळत जा आणि दर वेळी दोन्ही कर्ण मोजा. समान झाले की थांबू नका, लांब असलेला कर्ण दुसऱ्यापेक्षा एखादं सूत आखूड होईपर्यंत ओढा, कारण पट्टा सोडल्यावर चौकट थोडी उलटी जाते. सोडा, मोजा, जमलं तर पट्टा पुन्हा हलकासा लावूनच आवळायला सुरुवात करा.

आवळण्याचा क्रम खालून वर: आधी खांब-तुळईचे बोल्ट, मग कोपऱ्यातले तिरके आधार, मग कोनवासे, कळसाचं कडं, आणि शेवटी मधले वासे व आडव्या पट्ट्या. प्रत्येक टप्प्यानंतर कर्ण. पट्टा सगळं झाल्यावरच काढायचा. एम६ बोल्टला १० मिमीचा पान्हा लागतो, एम८ ला १३ मिमीचा. इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे दूर ठेवलेला बरा. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीत बोल्ट जास्त आवळला की नळीच दबते, आणि दबलेली नळी काही परत फुगत नाही.

उतार आणि पीळ: जमिनीची भानगड

पॅटिओ, म्हणजे घराला लागून असलेली फरसबंद जागा, सपाट दिसतो, सपाट नसतो. काँक्रीटचा पॅटिओ घरापासून लांब पाणी जावं म्हणून मुद्दाम उतरता करतात: फुटाला १ ते २ सूत. १० फुटांच्या अंतरात हा फरक सव्वा ते अडीच इंच होतो. किटचे चारही खांब मात्र एकाच लांबीचे.

नुसता एकसारखा उतार असेल तर चौकट उतारासकट काटकोनात राहू शकते, फक्त सगळा गझीबो पाण्याच्या दिशेने झुकतो. फुटाला २ सूत उतारावर ७ फुटी खांबाचं डोकं पावणेदोन इंच पुढे जातं. ते डोळ्यांना खटकतं म्हणून लोक पाणसळ लावून खांब ओळंब्यात आणतात, वरची तुळई मात्र तिरकीच राहते. झालं, आयताचा समांतरभुज. उतार असेल तर आधी चारही पायांच्या बैठका एका पातळीत, मग ओळंबा. उलटं नाही.

पातळी पाहायला लेझर नसला तरी अडत नाही. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी २०-२५ फुटांची घ्या, पाणी भरा, बुडबुडे पूर्ण काढा, एक टोक एका कोपऱ्यावर स्थिर ठेवून दुसरं उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांवर उभ्या काठीला लावून फिरवा, आणि दर वेळी पाण्याची पातळी काठीवर खुणेने टिपा. काठीवरच्या खुणांतला फरक म्हणजे तेवढी उंची कमी-जास्त. दोन फुटी पाणसळ लांब फळीवर ठेवून कोपऱ्या-कोपऱ्याने जाण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पीळ म्हणजे तीन कोपरे एका प्रतलात आणि चौथा खाली किंवा वर. वाळूवर बसवलेल्या पेव्हरच्या (फरसबंदीच्या ठोकळ्यांच्या) अंगणात हे फार दिसतं, कारण एखादा कोपरा खचतो. पीळ पकडायची दोऱ्यांची युक्ती अशी. चारही खांबांवर तळपट्टीपासून सारख्याच उंचीवर खूण करा आणि दोन दोऱ्या कर्णांवर ताणून बांधा. मध्यावर दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या तर पीळ नाही. फट राहिली तर तिच्या दुप्पट एवढा एक कोपरा चुकलाय: मध्यावर ३ सुतांची फट म्हणजे कोपऱ्यावर ६ सूत. वरची दोरी खालचीला दाबत असेल तर फट दिसणार नाही, म्हणून दोऱ्यांचा वर-खाली क्रम बदलून एकदा पुन्हा पाहा.

फरक ४ सुतांपर्यंत असेल तर खांबाच्या तळपट्टीखाली प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्या घालाव्यात, आणि त्या पट्टीच्या पूर्ण तळाला आधार देतील अशा. एका कडेला पाचर ठोकून खांब उचलला तर वाऱ्यात तो त्या कडेवर डुलतो आणि बोल्ट ढिले होत जातात. लाकडाची पाचर तर नकोच, ती कुजते. ४ सुतांच्या वर न आकसणारं ग्राउट, आणि इंचभराच्या पुढे सरळ काँक्रीटचा ओटा. उंच बाजूचे खांब कापण्याचा मोह होतो, पण तळपट्टीचे बोल्ट खांबाच्या खालच्या तयार भोकांत जातात. खांब कापला की ती भोकंच गेली.

पेव्हरमध्ये अँकर (खांबाचा पाय जमिनीला जखडणारा बोल्ट) मारून चालत नाही. पेव्हर जेमतेम सव्वादोन-अडीच इंच जाड, त्याच्याखाली वाळू. वादळात गझीबो पेव्हरसकट उचलला जाऊ शकतो. चार कोपऱ्यांचे पेव्हर काढून काँक्रीटचे खांब-पाये घालावे लागतात, आणि थंड प्रदेशात ते जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली न्यावे लागतात, नाहीतर गोठलेली माती पाया वर ढकलते आणि वसंतात पुन्हा पीळ हजर. शिकागोत ही खोली ४२ इंच, टोरोंटोत ४ फूट, मिनेसोटाच्या उत्तर भागात ६० इंच. १२ इंच व्यासाच्या आणि ४२ इंच खोलीच्या चार पायांना मिळून ११ घनफूट काँक्रीट लागतं. ८० पौंडी गोणीतून ०.६ घनफूट निघतं, म्हणजे १९ गोण्या, एखादी जास्तीची आणून ठेवा. अमेरिकेत खणण्याच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करून भूमिगत गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून घ्यायच्या. ही सेवा फुकट आहे. लाकडी डेकवर बसवायचा असेल तर नुसत्या फळीत स्क्रू मारू नका, प्रत्येक खांबाखाली जॉइस्टच्या (फळ्यांखालच्या तुळयांच्या) मध्ये ठोकळे भरून त्यांच्यात लॅग बोल्ट (लाकडात पिळायचे जाड स्क्रू) घ्या.

अँकर सर्वांत शेवटी

कागदावरचं माप घेऊन आधीच काँक्रीटला भोकं पाडणं हे वरच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ आहे. काँक्रीटमधलं भोक दोन सूत इकडेतिकडे गेलं की सांगाडा त्याच्यापुढे मान तुकवतो. सांगाडा पूर्ण उभा करून, कर्ण जुळवून, मगच तळपट्टीच्या भोकांतून ड्रिल घाला. वेज अँकर (आवळला की भोकात फाकून घट्ट बसणारा बोल्ट) तळपट्टीतूनच ठोकता येतो, त्याची सोय त्यासाठीच आहे. तोवर रात्री वारा येणार असेल तर चारही खांब दोऱ्यांनी ताणून बांधा, आणि अर्धवट छप्पर लावून काम कधीही सोडू नका.

४ इंच जाडीच्या पॅटिओला ३ सूत व्यासाचा, ३ इंच लांबीचा वेज अँकर सहसा पुरतो. बिट अँकरच्याच व्यासाचा, म्हणजे ३ सुती. काँक्रीटमध्ये पावणेतीन इंच खोल जा, आरपार नको. भोकातली धूळ फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढली नाही तर अँकर आवळताना नुसता फिरत राहतो, आणि लोक अँकरला दोष देतात. काँक्रीटच्या कडेपासून किंवा तड्यापासून निदान ३ इंच लांब राहा. पाये नवे असतील तर किमान ७ दिवस थांबा.

लांबट भोकं कशासाठी असतात

पत्र्यांची काही भोकं गोल, काही लांबट असतात. चौकट कललेली असताना हीच लांबट भोकं तारून नेतात असं वाटतं: स्क्रू एका टोकाला रेटला की बसतो. पण ती जागा उन्हासाठी राखलेली आहे. १४ फुटांचं पोलाद ५० अंश सेल्सियस तापलं की अडीच मिलिमीटरने वाढतं, तेवढ्याच लांबीचं ॲल्युमिनियम जवळजवळ पाच मिलिमीटरने. स्क्रू टोकालाच अडकला असेल तर पत्र्याला सरकायला जागा उरत नाही, तो फुगतो आणि 'टॉक्' करून उसळतो. ढग आला-गेला की छपरावर खडे पडल्यासारखा आवाज येतो तो हाच. स्क्रू लांबट भोकाच्या मध्यावर, आणि रबरी वॉशर किंचित दबेल इतकाच आवळलेला हवा. वॉशर बाहेर पसरला म्हणजे जास्त झालं.

भोक खरंच मोठं करावं लागलं तर कापलेल्या कडेला जस्ताचा रंग लावा, आणि ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच दिवशी ब्रशने झाडून काढा. दुसऱ्या पावसात छपरावर तांबूस ठिपके दिसतात ते बहुधा पत्र्याचे नसतात, त्या चुऱ्याचे असतात.

सगळं जुळलं, तरी गळतंय

आधी हे गळणं आहे का ते ठरवा. पाऊस नसताना, निरभ्र रात्रीनंतर सकाळी छपराच्या आतून थेंब पडत असतील तर ते दव आहे. पातळ पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतो आणि बाष्प त्याला आतून चिकटतं. सिलिकोनच्या कितीही नळ्या रिकाम्या केल्या तरी ते थांबणार नाही. खाली हॉट टब असेल तर आणखी वाढेल. हवा खेळती ठेवणं एवढंच हातात आहे.

पावसात गळत असेल तर कौलांचा नियम आठवा: वरचं नेहमी खालच्यावर. सूचनापत्रातला क्रम चुकून एखादा वरचा पत्रा खालच्याच्या आत गेलेला असतो. दुसरी जागा कोनवाशांवरच्या झाकणपट्ट्या. त्यांच्याखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घातली तर तिथला ओलावा थांबतो. तिसरी, स्क्रूखाली अडकलेली संरक्षक प्लॅस्टिकची फिल्म. पत्रा वर चढवण्याआधी ती पूर्ण सोला. नंतर काढू म्हटलं की वॉशरखालचा तुकडा तसाच राहतो, उन्हात भाजतो, आणि वॉशर कधीच नीट बसत नाही. दोन थरांच्या छपराच्या मधल्या झरोक्यातून वादळी पाऊस थोडा आत येणारच. तो झरोका बुजवू नका, वाऱ्याचा दाब तिथूनच सुटतो.

सिलिकोन वापरायचंच तर न्यूट्रल क्युअर. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्ल सोडतं आणि जस्ताचा थर खातं.

अजून पेटी उघडली नसेल तर

खोक्यावरचं १२ × १४ हे माप बहुतेक वेळा छपराच्या बाहेरच्या कडेचं असतं. खांब त्याच्या बरेच आत उभे राहतात. पाये खणायचे ते सूचनापत्रातल्या खांबांच्या मापावर, खोक्यावरच्या नव्हे. परवानगीचं पाहायचं तर अमेरिकेतल्या नमुना निवासी संहितेत २०० चौरस फुटांपर्यंतच्या सुट्या एकमजली बांधकामाला सूट आहे. १२ × १६ त्यात बसतो, १२ × २० नाही. पण गाव स्वतःचे नियम लावतं आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संस्था) आणखी निराळे, तेव्हा विचारूनच पैसे भरा.

बर्फाचा भार वाचताना एकक पाहा. खोक्यावर '६,००० पौंड' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तर ते साऱ्या छपराचं मिळून असतं. १२ × १४ म्हणजे १६८ चौरस फुटांनी भागलं की चौरस फुटाला सुमारे ३६ पौंड उरतात. साचलेल्या बर्फातलं पाणी एक इंच असलं तरी चौरस फुटाला ५.२ पौंड, म्हणजे साऱ्या छपरावर पावणेनऊशे पौंड बसतात. बर्फ जमिनीवर उभं राहून प्लॅस्टिकच्या कडेच्या रेकने ओढावा, चारही बाजूंनी थोडा थोडा. एकच बाजू आधी पूर्ण रिकामी केली तर भार एकीकडे जातो आणि जुळवलेली चौकट पुन्हा कलते.

काम संपल्यावर दोन्ही कर्णांचे आकडे आणि तारीख तुळईच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा. बर्फ वितळल्यावर बोल्ट एकदा तपासायचे असतातच. त्याच दिवशी पुन्हा मोजा, आणि फरक दिसला तर दोऱ्या बांधून कुठला पाय हलला ते पाहा.